शिकारीचा खर्च कोणाच्या माथी?



राजाची शिकार बंदुकीच्या बारापासून नव्हे, राज्याच्या खजिन्यापासून सुरू होते. भरतपूर संस्थानाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळी तेथे अजान बांध उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच बांधाचे पाणी पाटांनी केवलादेवच्या सखल भूमीत खेळविले गेले. मुख्य हेतू, बदकांची शिकार.

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. वारसाहक्काची मान्यता, पदव्या, तोफांची सलामी हे सारे परकीय सत्तेच्या मर्जीवर अवलंबून होते. त्यामुळे असे आतिथ्य ही एक प्रकारची खंडणीच होती. ती अर्पण करणारा हात राजाचा, परंतु खजिना भरणारा घाम शेतकऱ्याचा!

१९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. १९७२ पर्यंत माजी महाराजांकडे राहिलेला शिकारीचा हक्कही संपला. १९८५ मध्ये केवलादेव जागतिक वारसास्थळ ठरले.

मारलेल्या पक्ष्यांच्या संख्या कोरलेले शिलालेख आजही तेथे उभे आहेत. त्यांच्याजवळूनच सायकलरिक्षावाले प्रवाशांना जिवंत पक्षी दाखवीत नेतात आणि त्यावर आपला संसार चालवितात. मारलेल्या पक्ष्याने दरबाराची प्रतिष्ठा एक दिवस वाढविली. जिवंत पक्षी सामान्यांच्या घरची चूल पेटती ठेवतो. राज्यकोश हा प्रजेचा ठेवा असतो, राजा केवळ त्याचा विश्वस्त. राजवाडे गेले, तरी सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही कसोटी लागू आहे.