रात्रीच्या बॅचमधले नियम



 पुण्या-मुंबईत बसून आपल्यातले कितीतरी जण परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवरची बॅच सांभाळतात. अमेरिकेत रात्र झाली की आपली सकाळ सुरू होते आणि जॉबमागून जॉब धावू लागतात. त्या जॉबच्या पोटात व्यवसायाचे नियम दडलेले आहेत. या बॅचच्या आधुनिकीकरणाविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. पण ते बोलणे बहुधा यंत्रांविषयी, क्लाउडविषयी, परवान्यांच्या खर्चाविषयी असते. नियमांकडे फार थोड्यांचे लक्ष आहे, आणि मला आज त्यांच्याच बाजूने बोलायचे आहे.

नियम म्हणजे काय, ते सगळ्यांच्या ओळखीच्या उदाहरणावरून पाहू. ३१ मार्च २०१० पर्यंत आपल्या बँका बचत खात्याचे व्याज काढताना महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत. १२ तारखेला मोठी रक्कम काढून तुम्ही ती १३ तारखेला परत भरली, तरी त्या रकमेचे महिन्याचे व्याज बुडे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर व्याज मोजायला लावले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी व्याजाचा दर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली. १ लाख रुपयांपर्यंतच्या शिलकीवर मात्र दर सगळ्यांना एकच हवा, अशी अट घातली. हे कोणालाही वाचून कळेल असे आहे. नियम काय, तो कधीपासून आणि कोणाच्या अधिकाराने, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. माझ्या मते कुठल्याही आधुनिकीकरणाची कसोटी हीच असावी. काम झाल्यावर तुमचा नियम असा वाचता येतो का?

आता मेनफ्रेमकडे येऊ. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० जाहीर केली. एका यंत्रावरचा प्रोग्राम त्याच घराण्यातल्या मोठ्या यंत्रावरही चालेल, हे तिचे मोठे वचन होते. कंपनीने ते पुढच्या पिढ्यांमध्येही इतके पाळले की १९७० च्या दशकातला कोबोल प्रोग्राम आजही रोज रात्री पगार, हप्ते, दावे यांचा हिशोब करतो. त्या अभियांत्रिकीबद्दल मला नितांत आदर आहे. पण प्रोग्राम पुन्हा लिहिण्याची गरजच पडली नाही, म्हणून प्रत्येक नवा नियम जुन्याच्या अंगावर चढवला गेला. एका राज्याचा कायदा बदलला, एक इफ वाढला. दुसरी कंपनी विकत घेतली, तिच्या पॉलिसींसाठी आणखी दहा इफ आले. नियम काय ते कोडमध्ये राहिले. कधीपासून, ते एखाद्या कॉमेंटमध्ये उरले. कोणाच्या अधिकाराने, हे तर बहुतेक ठिकाणी पुसलेच गेले.

आणि सगळे नियम कोबोलमध्ये सापडतील, असे समजणारा प्रकल्प हमखास फसतो. हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण अंदाजपत्रक करणाऱ्यांना ते ठाऊक नसते. सॉर्टच्या कार्डात एखादी ओमिटची ओळ असते आणि ती ठरावीक प्रकारची खाती प्रोग्रामपर्यंत पोचूच देत नाही. ती ओळ हा नियमच आहे. व्याज आधी लावायचे की दंड आधी, हे प्रोग्रामला माहीत नसते. ते शेड्युलरमधल्या जॉबच्या क्रमात असते. कॉपीबुकातल्या एट्टी-एट लेव्हलमध्ये पात्र ग्राहक म्हणजे कोण, याची व्याख्या असते. आदल्या पायरीचा रिटर्न कोड चार असेल तर पुढे जायचे आणि आठ असेल तर थांबायचे, हे जेसीएल ठरवते. म्हणजे चुकीच्या नोंदी कितपत चालवून घ्यायच्या, याचे धोरणच तिथे असते. काही नियम तर कुठल्याच फाइलमध्ये नसतात. वर्षअखेरीला अमुक जॉब होल्डवर ठेवा, तिकडच्या टीमचा फोन आला की सोडा, असे सांगणारी एक ओळ ऑपरेटरच्या वहीत असते. नुसत्या कोबोलचे यंत्राकडून जावात भाषांतर करून घेतले, तर यातले काहीच हाती लागत नाही. उलट जुना गुंता नव्या भाषेत तसाच राहतो आणि तो वाचणारे जुने डोळे तेवढे निघून जातात. असल्या भाषांतरावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायटूकेची आठवण इथे काढायलाच हवी. आपल्या पिढीतल्या अनेकांची कारकीर्द त्या कामाने उभी राहिली. वेळ कमी होता, म्हणून असंख्य ठिकाणी वर्ष चार आकडी केलेच नाही. एक सीमा ठरवली. समजा ती ५० असेल, तर ०० ते ४९ म्हणजे २००० नंतरचे आणि ५० ते ९९ म्हणजे १९०० नंतरचे. त्या घडीला तो शहाणपणाचा निर्णय होता. पण तोही एक नियमच होता, त्याला मुदत होती, आणि ती मुदत कोणाच्याही दप्तरात लिहिली गेली नाही. ज्या प्रोग्राममध्ये ही सीमा ३० वर आहे, तो २०३० साली चुकीचे शतक धरणार. आपल्या ताब्यातल्या प्रोग्राममध्ये अशी सीमा कुठे कुठे आहे, याची यादी आज किती जणांकडे आहे?

नियम प्रोग्रामबाहेर काढून तक्त्यात मांडण्याची कल्पना नवीन नाही. १९६० च्या दशकातच कोबोलसाठी डीटॅब-६५ आले होते. निर्णयाचा तक्ता द्यायचा आणि त्यातून कोबोल काढून घ्यायचे. १९७० च्या दशकात चार्ल्स फोर्जी यांनी रीट अल्गोरिदम मांडला आणि रूल इंजिनांचा पाया घातला गेला. पुढे आयलॉग कंपनी आयबीएमकडे गेली आणि तिचे इंजिन मेनफ्रेमवरही आले. निर्णय मांडण्याचे डीएमएन हे प्रमाणही आता उपलब्ध आहे. साधनांची वाण नाही.

साधन बसवायचे कुठे, यावर मात्र सगळे अवलंबून आहे, आणि इथे साधा गुणाकार उपयोगी पडतो. रात्रीच्या बॅचमध्ये १ कोटी नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीसाठी नेटवर्कवरून बाहेरच्या रूल सर्व्हरला विचारले आणि उत्तराला ५ मिलिसेकंद लागले, तर एकामागून एक विचारताना ५०,००० सेकंद जातात, म्हणजे जवळजवळ १४ तास. एवढी रात्र कुठल्याच बँकेकडे नसते. तोच निर्णय प्रोग्रामच्या शेजारी, त्याच यंत्रावर ५० मायक्रोसेकंदांत झाला, तर काम साडेआठ मिनिटांच्या आत आटोपते. ऑनलाइन व्यवहारात जी रचना शोभते, ती बॅचमध्ये गळफास ठरते. नियम वेगळा लिहावा, वेगळा तपासावा, पण चालवावा डेटाच्या जवळच. आणि बॅचमधली प्रत्येक नोंद बहुधा स्वतंत्र असते, त्यामुळे रीटची सगळी हुशारी तिथे लागतेच असे नाही. तक्त्यावरून क्रमाने चालणारे साधे कोड पुष्कळदा अधिक वेगवान ठरते.

नियम बाहेर काढताना पैशाचा शेवटचा आकडा सांभाळावा लागतो. कोबोलमध्ये राउंडेड लिहिले नसेल तर जादा दशांश सरळ कापला जातो. पॅक्ड डेसिमलमधली रक्कम जावाच्या डबलमध्ये टाकली की फरक पडू लागतो. बिगडेसिमल वापरले तरी कापायचे की पूर्णांकित करायचे, हे सांगावेच लागते. मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये अक्षरे आधी आणि आकडे नंतर येतात, आस्कीमध्ये नेमके उलटे. मास्टर आणि ट्रान्झॅक्शन या फाइली एकाच क्रमाने लावून जुळवणारा प्रोग्राम त्या क्रमावरच उभा असतो. तो क्रम बदलला तर प्रोग्राम अ‍ॅबेंड होईलच असे नाही. मुकाट्याने नोंदी चुकवत पुढे जाईल. सॉक-सेव्हनचा अ‍ॅबेंड आला तर निदान फोन तरी वाजतो.

म्हणून जुने आणि नवे समांतर चालवणे अपरिहार्य आहे. तोच इनपुट दोन्हींना द्यायचा आणि आउटपुट नोंदीगणिक ताडून पाहायचे. फरक निघाला की त्यावर नाव लिहायचे: नव्याची चूक, जुन्याची चूक, की कोणाला आठवतच नसलेला नियम. महिनाअखेर, तिमाही, वर्षअखेर, शक्य झाले तर २९ फेब्रुवारी, एवढे सगळे पार पडेपर्यंत जुने बंद करू नये. जुन्याची चूक सापडली तर ती आपण परस्पर दुरुस्त करू नये. तिच्यावर ग्राहकांना वर्षानुवर्षे पैसे मिळालेले असतात. निर्णय व्यवसायाच्या माणसाचा, सही त्याची.

संचालक मंडळे घाबरतात, आणि त्यांची भीती खरी आहे. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या आरबीएस समूहात बॅच शेड्युलरच्या सॉफ्टवेअरचे अपग्रेड बिघडले आणि त्या देशातल्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांच्या खात्यांवर परिणाम झाला. नियामकांनी २०१४ साली एकूण ५.६ कोटी पौंड दंड केला. तिथे एकही नियम बदललेला नव्हता. यावरून काहींनी काहीच न बदलण्याचा निष्कर्ष काढला. मी असे म्हणेन की सगळे एकदम बदलू नका. एक निर्णय निवडा, पात्रतेचा किंवा आकारणीचा, तो बाहेर काढा, वर्षभर चालवा, मग दुसऱ्याला हात घाला.

यासाठी लागणारी माणसे या सभागृहात बसली आहेत. भाषेची नवी मॉडेल्स कोबोल वाचून काय चालले आहे ते बऱ्यापैकी सांगतात, आणि त्यांची मदत जरूर घ्यावी. पण अमुक राज्याला अपवाद का, त्या वर्षी तो जॉब पुढे का ढकलला, हे ज्या व्यक्तीने तो फोन घेतला होता तिलाच ठाऊक असते. आजवर हे ज्ञान आपण तिकिटांच्या संख्येने मोजले. ज्यांनी वीस-वीस वर्षे एकच प्रणाली सांभाळली, त्यांना निव्वळ सपोर्टवाले म्हणून बढतीच्या रांगेत मागे ठेवले गेले. याचे मला मनापासून दुःख आहे, आणि ते आज बदलायला हवे.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, पुढच्या अधिवेशनात एक पूर्ण सत्र नियमांच्या उत्खननाला द्यावे. तिथे साधनविक्रेत्यांनी बोलू नये. सपोर्टमधल्या सहकाऱ्यांनी ग्राहकाची गोपनीयता राखून आपली पद्धत सांगावी. दुसरी, नियमांच्या नोंदवहीचा एक मराठी-इंग्रजी नमुना आपण तयार करावा. प्रत्येक नियमामागे त्याचा मजकूर, लागू तारीख, मुदत, अधिकार, कोड-जेसीएल-सॉर्टमधली जागा आणि तो समजावून सांगू शकणाऱ्या व्यक्तीचे नाव, एवढे रकाने त्यात असावेत. शतकाच्या सीमेची नोंद त्यात सगळ्यांत आधी व्हावी, कारण २०३० फार लांब नाही. दोन्ही सूचना आज दुपारच्या खुल्या चर्चेत घ्याव्यात, अशी विनंती करतो आणि पहिल्या सत्राच्या वक्त्यांना व्यासपीठावर बोलावतो.