एक कागद, अनेक वर्ग
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सोसायटीची पंचवीस वर्षांची कागदपत्रं विकीवर ठेवायची, तर पहिला प्रश्न फॉर्मचा. कपाटात कागद एकाच फाइलीत राहतो. विकीवर एक पान कितीही वर्गांत बसतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून असाच चालतो.

आपलं गावच घ्या. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शहरांत येतं, शिरोळ तालुक्यातही येतं. फॉर्मात एकच पर्याय दिला, तर दुसरीकडं शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही.

म्हणून टिक करायच्या चौकटी ठेवू. टाकीदुरुस्तीचं बिल 'पाणी', 'खर्च' आणि त्या वर्षात, तिन्हींकडं जाईल. वर्गाचं नाव मात्र ठरलेल्या यादीतूनच निवडायचं. हातानं लिहू दिलं, की 'जयसिंगपूर' आणि 'जयसिंगपुर' असे दोन वर्ग होतात आणि निम्मे कागद भलतीकडं जातात. नवा वर्ग हवा असेल, तर सेक्रेटरींनी तपासून यादीत घालावा.

उद्या गळती लागली, की पाइपलाइनचा जुना नकाशा नव्या कमिटीला लगेच मिळायला हवा. कुठला कागद कशाचा, हे सांगणारी जुनी मंडळी आता थोडीच आहेत. त्यांना शेजारी बसवून फॉर्म यंदाच भरून घेऊया.