कंबोडियातले बारा आठवडे
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावरचे आमचे सर्व सर आणि बाई, आणि केस पांढरे झाले तरी मागच्या बाकावरची जागा न सोडणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी फोनवर सांगितलं, ‘तू कंबोडियात मुलांना शिकवून आलीस, त्यावर बोल. दहा मिनिटं. आणि कॉम्प्युटरवर बोलू नकोस.’ पहिल्या दोन गोष्टी पाळते. तिसरी थोडी मोडावी लागेल, कारण तिथे मी तेच शिकवत होते.

गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट मी कंपनीतून बिनपगारी रजा घेतली. वीस वर्षं मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे. पूर्वीची एक सहकारी सिएम रीपजवळच्या एका शिक्षण केंद्राला मदत करत होती, तिच्यामुळे मी तिथे पोचले. सिएम रीप म्हणजे अंकोरवाटचं गाव. पर्यटक मंदिरं पाहतात आणि संध्याकाळी बाजारात हिंडतात. हे केंद्र गावाबाहेर, भातशेतीच्या कडेला आहे.

तिथल्या सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. काही मुलं सकाळी जातात, काही दुपारी. उरलेला अर्धा दिवस मूल कुठे असतं, यावर पुष्कळ काही ठरतं. आई-वडील बांधकामावर, हॉटेलात किंवा सीमेपलीकडे थायलंडमध्ये मजुरीला गेलेले असतात. केंद्र तो अर्धा दिवस सांभाळतं. संध्याकाळी मुलं आपापल्या घरी जातात. हे मुद्दाम सांगते, कारण मी परत आल्यावर अनेकांनी विचारलं, ‘अनाथाश्रमात होतीस ना?’ नव्हते. कंबोडियात अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात, हे युनिसेफने कित्येक वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून घर असलेली मुलंही संस्थेत ठेवली जातात. ‘मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत’ अशी मोहीमच तिथे चालवावी लागली.

म्हणून केंद्राचे नियम कडक होते. जाण्याआधी पोलीस पडताळणी. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. एकाच मुलाला खाऊ किंवा भेट द्यायची नाही. एकटीने वर्ग घ्यायचा नाही, तिथले शिक्षक वर्गात हवेतच. आणि शेवटचा नियम, ‘मी परत येईन’ असं कुणाला म्हणायचं नाही. पहिले चार नियम मला लगेच पटले. पाचव्याचा अर्थ कळायला बारा आठवडे लागले.

तिथे शिक्षकाला ‘क्रू’ म्हणतात. म्हणजे आपला गुरू. पुरुष असेल तर ‘लोक क्रू’, बाई असेल तर ‘नेआक क्रू’. भाषेला ‘फिआसा’, अक्षराला ‘अक्सर’ म्हणतात, शेवटचा र जवळजवळ ऐकू न येणारा. फळ्याच्या वर वर्णमालेचा तक्ता होता. लिपी मला वाचता येत नव्हती, पण मुलं म्हणायला लागली आणि मी चमकले. क्रम आपलाच! कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. मराठीच्या बाईंनी आपल्याकडून हा क्रम किती वेळा घोकून घेतला होता, आठवतंय ना? जोडाक्षरात खाली लिहिलेल्या अक्षराला ते अक्षराचा ‘पाय’ म्हणतात. बाई, आपल्या वर्गात हे कळलं असतं तर अर्ध्या वर्गाच्या अक्षरांना प्लास्टर घालावं लागलं असतं.

आकड्यांची गंमत वेगळीच. मुय, पी, बेय, बुअन, प्राम म्हणजे एक ते पाच. सहाला स्वतंत्र शब्द नाही. सहा म्हणजे प्राम-मुय, पाच-एक. सात म्हणजे पाच-दोन. नऊपर्यंत असंच. दहा ते चौदा वर्षांच्या या मुलांना मी संगणकाची द्विमान पद्धत शिकवत होते, फक्त शून्य आणि एक वापरून मोजायची. इथे ती शिकवताना मोठ्या इंजिनिअरांच्याही कपाळावर आठ्या पडलेल्या पाहिल्या आहेत. तिथे मी बोटं उघडून-मिटून दाखवली, तेव्हा एक मुलगा लोक क्रूंना म्हणाला, ‘आपण पाचाला थांबून पुन्हा सुरू करतो, हे लोक दोनाला थांबतात, एवढंच ना?’ एवढंच.

आणि शून्य. लिहिताना ते आपल्यासारखंच ‘शून्य’ लिहितात, म्हणताना ‘सोन’ म्हणतात. नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक शिलालेख आहे. त्यावर शके ६०५ कोरलंय, म्हणजे इसवी सन ६८३. सहा आणि पाच यांच्यामध्ये एक ठिपका आहे. जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात शून्यांपैकी तो एक. शके म्हणजे आपल्या पंचांगातला तोच शक बरं का. वर्गातल्या मुलांना लोक क्रूंनी हे सांगितलं, तेव्हा त्यांची मान जरा ताठ झाली. संगणक ही कुठून तरी बाहेरून आलेली वस्तू आहे, असं त्यांना वाटत होतं. त्यातला निम्मा भाग त्यांच्याच दगडावर निघाला.

नॉम पेन्हला मी आणखी एक जागा पाहिली. तिच्याबद्दल या सभागृहात बोललंच पाहिजे. तुओल स्लेंग. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तिथे कैद्यांचा छळ केला. ती मुळात शाळा होती. आपल्यासारखीच, तीन मजली, लांब व्हरांडे, समोर पटांगण. वर्गखोल्यांमध्ये विटांच्या कोठड्या बांधल्या होत्या, त्या अजून आहेत. त्या चार वर्षांत देशातल्या शाळा बंद होत्या आणि शिकलेली माणसं वेचून मारली गेली. शिक्षक त्यात आलेच. नंतर ज्याला थोडंफार लिहिता-वाचता येत होतं, त्याला उभं करून शाळा पुन्हा सुरू केल्या. हे कळल्यावर ‘क्रू’ या शब्दाचं वजन बदललं. जिथे एक अख्खी पिढी शिक्षकांविना राहिली, तिथे बाहेरून शिकवायला येणारा माणूस ही मोठी गोष्ट नाही. तिथलाच एक शिक्षक तयार होणं ही मोठी गोष्ट.

दहाव्या आठवड्यातली गोष्ट. अकरा वर्षांची एक मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार, वर्ग सुटल्यावर थांबली. तिने वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. त्यावर नावं होती. कुठल्या कुठल्या देशांतून येऊन गेलेल्या शिक्षकांची. प्रत्येकापुढे महिने लिहिलेले. मी सातवी. माझ्यापुढची जागा मोकळी होती. तिने विचारलं, ‘नेआक क्रू, किती लिहू?’

रडवेला आवाज नव्हता, तक्रार नव्हती. हिशेब होता. मी सांगितलं, ‘तीन.’ तिने लिहिलं आणि वही दप्तरात टाकली.

त्या रात्री मला झोप आली नाही. घरातले विचारत होतेच, ‘आपल्याकडे मुलं नाहीत का? विमानभाड्याचे पैसेच पाठवले असतेस तर?’ प्रश्न रास्त आहे. मीही तो हिशेब मांडला होता. नुसतं शिकवून परत यायचं असतं, तर पैसे पाठवणंच बरं होतं. मी जाण्याला काही अर्थ असलाच, तर तो एकाच गोष्टीत होता: मी गेल्यावर वर्ग बंद पडता कामा नये.

पहिल्या दिवसापासून लोक क्रू माझ्या शेजारी उभे होते. सव्वीस वर्षांचा तरुण, गणित चांगलं, संगणकाचा धाक. आमचं ठरलेलंच होतं, पहिले चार आठवडे मी शिकवायचं आणि त्यांनी भाषांतर करायचं, पुढचे पाच आठवडे दोघांनी मिळून, शेवटचे तीन त्यांनी एकट्यांनी. शेवटच्या तीन आठवड्यांत मी मागच्या बाकावर बसून होते. वर्गमित्रांनो, तुमची जागा इतकी आरामाची असते हे मला तेव्हा कळलं! पण गप्प बसणं फार अवघड होतं. एकदा छपाईयंत्र अडलं, मुलं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी वहीत डोकं घातलं. वीस मिनिटं गेली, पण लोक क्रूंनी ते सोडवलं. त्यानंतर मुलं माझ्याकडे वळली नाहीत. मनाला लागलं, आणि बरंही वाटलं.

निरोपाच्या दिवशी मुलांनी हात जोडून नमस्कार केला. त्या नमस्काराला ‘सम्पेआ’ म्हणतात. शिक्षकांसाठी जोडलेले हात जरा उंच धरतात. एका छोट्याने विचारलं, ‘पुन्हा कधी?’ पाचवा नियम. मी म्हणाले, ‘मंगळवारी लोक क्रू वर्ग घेणार आहेत. तू ये.’

डिसेंबरात केंद्राकडून पत्र आलं. मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही वर्ग चालू आहेत. लोक क्रूंनी एक पाठ नवा घेतला, मी न शिकवलेला. त्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच.

आता आपल्या शाळेविषयी. मागच्या मेळाव्यात आपण वर्गणी काढून संगणक दिले. परवा मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. संगणक चांगले आहेत, पण शिकवायला एकच शिक्षिका आणि एका तासाला साठ मुलं. आपल्यापैकी पुष्कळजण दरवर्षी एक दिवस येऊन ‘मार्गदर्शन’ करून जातात. मुलं टाळ्या वाजवतात. त्यांच्याही वहीच्या शेवटच्या पानावर अशी यादी असेल का, असा विचार मनात येतो.

माझा प्रस्ताव छोटा आहे. आपण दहाजण नावं देऊ. महिन्यातले दोन शनिवार, दोघादोघांच्या जोड्या, शाळेच्या शिक्षिकांच्या शेजारी उभं राहून. तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी आपण मागच्या बाकावर, आणि मग बाहेर. आधीच तारीख ठरवून. बाईंची संमती मी घेतली आहे. प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात पहिलं नाव माझं आहे. नऊ जागा रिकाम्या आहेत.

सर, बाई, तुम्ही आम्हाला दहा वर्षं शिकवलंत आणि मग जाऊ दिलंत. तेही शिकवणंच होतं, हे समजायला मला इतकी वर्षं लागली.