गांवाबाहेरचें विद्यापीठ : विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें

विद्यापीठाविषयीं बोलावयाचें झालें म्हणजे आपण सहसा कुलगुरूंचे अहवाल पाहतों, पदवीदान समारंभांतील भाषणें ऐकतों आणि परीक्षांचे निकाल वाचतों. ज्यांच्यासाठीं हा सगळा खटाटोप, त्या विद्यार्थ्यांना तेथील आयुष्य कसें वाटतें, हें विचारण्याची आपल्याला फारशी संवय नाहीं. आज तोच प्रश्न विचारावयाचा आहे. आणि तो हवेंत राहूं नये म्हणून कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ डोळ्यांपुढें ठेवून विचारावयाचा आहे.

श्रोतेहो, या विद्यापीठाचें उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें झालें. इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरु. राजारामपुरीच्या पलीकडे, सागरमाळाच्या बाजूला, ८०० एकरांहून अधिक जमीन विद्यापीठाला मिळाली. ती त्या काळीं नुसती माळजमीन होती. आज तेथें झाडी आहे, पावसाचें पाणी साठविणारीं तळीं आहेत, आणि मुख्य इमारतीसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. २००४ सालीं सोलापूरचें विद्यापीठ निराळें झाल्यापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे या विद्यापीठाकडे राहिले. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थी मोजूं लागलें तर आंकडा लाखांवर जातो. परंतु प्रत्यक्ष या आवारांत शिकणारा विद्यार्थिवर्ग कांहीं हजारांचाच आहे. म्हणजे हें विद्यापीठ आश्रमाएवढें लहान नाहीं आणि महानगरांतल्यासारखें अफाटही नाहीं. शहराच्या कडेला वसलेलें मध्यम आकाराचें विद्यापीठ, असें त्याचें वर्णन करतां येईल.

अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांशीं बोलूं लागलें म्हणजे एका बाबतींत त्यांचें एकमत आढळतें. जागा सर्वांना आवडते. खेड्यांतून आलेल्या मुलाला झाडें आणि मोकळी हवा यांमुळें परकेपणा वाटत नाहीं. शहरांतल्या मुलाला गोंगाट सुटल्याचें समाधान मिळतें. आकारही त्यांना मानवतो. विभागांत वीस-तीस विद्यार्थी असले म्हणजे प्राध्यापक नांवानें ओळखतात, गैरहजर राहिल्यास दुसऱ्या दिवशीं विचारतात. पण शेजारच्या विभागांत काय चालतें, याचा मात्र त्यांना पत्ता नसतो. मराठीचा विद्यार्थी दोन वर्षें पदार्थविज्ञानाच्या इमारतीवरून जातो, पण तिच्या पायऱ्या एकदांही चढत नाहीं.

हें एकमत येथेंच संपतें. यापुढें मतें फुटतात, आणि तीं विषयाप्रमाणें किंवा बुद्धीप्रमाणें फुटत नाहींत. दिवेलागणीला तो विद्यार्थी कोठें असतो, यावर त्याचें मत ठरतें.

वसतिगृहांत राहणारा विद्यार्थी विद्यापीठाविषयीं आपुलकीनें बोलतो. तासाला सुरू झालेला वाद चहाच्या टपरीवर पुढें चालतो, तेथून खोलीवर जातो, आणि रात्रीं जेवतांना त्याचा निकाल लागतो. ग्रंथालयांत एक पुस्तक शोधतांना दुसरेंच हातीं लागतें आणि तेंच अधिक उपयोगी ठरतें. त्याची तक्रार असते ती रविवारची. शहर चार-पांच किलोमीटरांवर. नाटक, कुस्ती, रंकाळ्याचा कांठ हें सारें तिकडे. आणि आवारांत मात्र सुट्टीच्या दिवशीं सामसूम. तथापि ही घरच्या माणसाची तक्रार होय. घराला नांवें ठेवावीं, पण घर सोडूं नये, अशा जातीची.

आतां कागलहून, इचलकरंजीहून किंवा जयसिंगपूरहून रोज येजा करणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा. तो विद्यापीठाचें वर्णन गाड्यांच्या वेळांनीं करतो. सकाळची एस्. टी. गांठावयाची, बसस्थानकावर उतरून शहरांतली बस धरावयाची, तास संपले कीं उलट प्रवास सुरू. व्याख्यान रंगांत आलें असतां त्याची नजर घड्याळाकडे जाते, आणि गुरुजींना वाटतें याचें लक्ष नाहीं. संध्याकाळीं बाहेरून कोणी विद्वान बोलावयास आला, तर त्याचें भाषण हा विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं मित्राच्या तोंडून ऐकतो. त्याची कोणाविषयीं कडवट तक्रार नसते. शिकवणें चांगलें आहे, परीक्षा वेळेवर होतात, असें तो सांगतो. आणि यापुढें सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं नसतें. वसतिगृहवासीयाच्या तक्रारीपेक्षां याचें हें समाधान मला अधिक चिंताजनक वाटतें.

मुलींचीं मतें याहून गुंतागुंतीचीं आहेत. कित्येकींना घरून परवानगी मिळते ती विद्यापीठ गांवाबाहेर, कुंपणाच्या आंत आहे म्हणूनच. आवारांत आपण निर्धास्त हिंडतों, असें त्या सांगतात. आणि लगेच असेंही सांगतात कीं, वसतिगृहाचें दार ठराविक वेळीं बंद होणार आणि गांवीं जाणारी गाडी अंधारापूर्वींच पकडावी लागणार, म्हणून सायंकाळ आपल्या वांट्याला अर्धीच येते. ज्या कुंपणानें आंत येऊं दिलें, त्याच कुंपणानें वेळ आंखून दिली, असा हा प्रकार आहे. सुरक्षितता आणि मोकळीक यांचा हिशेब मुलांना कधींच मांडावा लागत नाहीं. मुलींना तो रोज मांडावा लागतो.

आणखी एक वर्ग आहे, तो ‘कमवा आणि शिका’ या योजनेंतील विद्यार्थ्यांचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची वाट बहुजनांच्या मुलांना दाखविली. त्याच वाटेनें या विद्यापीठांतही विद्यार्थी दिवसांतले कांहीं तास काम करतात आणि त्यावर शिक्षणाचा खर्च भागवितात. त्यांना वेळ सर्वांत कमी मिळतो, तरी विद्यापीठ आपलें आहे असें जितक्या ठामपणें ते म्हणतात, तितकें क्वचितच दुसरा कोणी म्हणत असेल. ज्या बागेला आपण पाणी घातलें, तिच्याविषयीं परकेपणानें बोलतां येत नाहीं.

अलीकडे अभ्यासिकांतून एक चौथें मतही ऐकूं येतें. नांव एम्. ए. च्या वर्गांत, आणि पुढ्यांत पुस्तकें मात्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचीं, असे विद्यार्थी आज पुष्कळ ठिकाणीं दिसतात. प्राध्यापकांना त्यांचा राग येतो. आणि तो राग निष्कारण आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु या विद्यार्थ्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें. गांवीं दोन खोल्यांचें घर, त्यांत अभ्यासाला जागा नाहीं, शहरांत खोलीचें भाडें परवडत नाहीं. विद्यापीठ हीच एक जागा, जेथें शांतपणें बसतां येतें. म्हणजे यांना विद्यापीठ हवें आहे तें मुख्यतः बसावयास जागा म्हणून. हें ऐकून हंसूं येईल, पण कोल्हापूरकरांनीं तरी हंसूं नये.

कारण शिक्षणाचा प्रश्न हा आधीं राहण्याच्या जागेचा प्रश्न आहे, हें महाराष्ट्राला याच शहरानें शिकविलें. शाहू महाराजांच्या काळीं राजाराम कॉलेज होतेंच; तेथें शिकविणारेही होते. खेड्यांतल्या मुलाला शहरांत रात्रीं पाठ टेकावयास जागा नव्हती, म्हणून तें कॉलेज त्याच्यापुरतें नसल्यासारखेंच होतें. महाराजांनीं हें ओळखलें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, १९०६ मध्यें मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं, १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग. आणि अशा रीतीनें पुढील कांहीं वर्षांत कोल्हापूर हें वसतिगृहांचें गांव झालें. भाऊराव स्वतः याच कोल्हापुरांत एका बोर्डिंगांत राहून शिकले. व्याख्यान थोड्याच वेळांत संपतें, उरलेल्या वेळांत माणूस घडतो, हें ज्यांना कळलें होतें त्यांचें हें काम होतें.

म्हणून या सर्व मतांचा मथितार्थ मला असा दिसतो : विद्यापीठाचें खरें दान वेळापत्रकाबाहेरच्या तासांत आहे, आणि तें दान सर्वांच्या पदरांत सारखें पडत नाहीं. शुल्क भरलेला, हजेरी पूर्ण असलेला, चांगल्या श्रेणींत उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही विद्यापीठांत न राहतां त्यांतून नुसता जाऊन येऊं शकतो.

यावर कोणी म्हणेल कीं, एस्. टी. च्या वेळा पाहणें हें विद्यापीठाचें काम नव्हे, आणि सर्वांना पुरतील इतकीं वसतिगृहें बांधण्यास पैसा कोठून आणावा? पैशाची अडचण खरी आहे. परंतु कांहीं गोष्टींना पैसा फारसा लागत नाहीं. बाहेरच्या विद्वानाचें व्याख्यान सायंकाळीं ठेवण्याऐवजीं दुपारीं ठेवतां येतें. येजा करणाऱ्यांना पुस्तकें अधिक दिवस नेऊं देतां येतात. तास संपण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांच्यामध्यें एखादा तास मोकळा राखून, त्या वेळीं शिक्षकांना आपल्या खोलींत भेटतां येईल असें ठरवितां येतें. परीक्षेच्या दिवसांत चार रात्री राहावयास मिळेल अशी एखादी साधी खोली वसतिगृहांत ठेवतां येते. मुलींच्या वेळेचा नियम करतांना मुलींनाच विचारतां येतें. या गोष्टी कोठें होत असतील, कोठें होत नसतील. जेथें होत नाहींत तेथें त्या कोणीं मागितल्या नाहींत म्हणून झाल्या नाहींत, असेंही असूं शकेल.

विद्यार्थ्यांनाही एक सांगावयाचें आहे. आपलें मत केवळ आपसांत बोलून ठेवूं नये. गाडी चुकेल म्हणून घाईनें निघतांना आपण काय मागें ठेवून जात आहों, हें आपल्या गुरुजींना एकदां सांगावें. त्यांतले पुष्कळसे स्वतः तशाच गाडीनें शिकून आलेले असतात, आणि सांगितल्यावर त्यांना तें आठवतें.