अक्षरपुरीचा हिशेब

कुंभकोणमजवळ इन्नंबूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील शिवाला तमिळमध्ये एळुत्तरिनाथर आणि संस्कृतात अक्षरपुरीश्वर म्हणतात. मुलांचा अक्षरारंभ व्हावा म्हणून आईबाप त्यांना येथे घेऊन येतात. स्थलकथा अशी की, चोळ राजाला देवळाच्या हिशेबाचा संशय आला, तेव्हा प्रत्यक्ष देवानेच हिशेबनिसाचे रूप घेऊन तो चोख मांडून दाखविला. कथेतला चमत्कार सोडून दिला तरी तिच्यातील व्यवहार खरा आहे. हिशेब बरोबर असून भागत नाही. मागणाऱ्याला तो वाचता येईल अशा रूपात पुढे ठेवता आला पाहिजे.

आजचा हिशेबनीस संगणकावर लिहितो. कचेरीत विंडोज असते, कोणाच्या घरी मॅक, तर एखाद्या शाळेत लिनक्स. एकाने तयार केलेला कागद दुसऱ्याकडे उघडत नाही, किंवा उघडला तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेल्या मराठी मजकुराची अशी दैना पुष्कळांनी पाहिली आहे.

असे का व्हावे? प्रोग्रॅमची मूळ संहिता माणसाला वाचता येते; तिचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करावे लागते. खिडकी उघडणे, फाइल जपणे, अक्षर रेखाटणे ही कामे प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या रीतीने करते. म्हणून सूज्ञ रचनाकार मध्ये एक दुभाषा ठेवतात. मुख्य प्रोग्रॅम दुभाष्याशी बोलतो आणि दुभाषा त्या त्या प्रणालीशी. 'क्यूटी' आणि 'जीटीके' ही अशाच दुभाष्यांची नावे. २०१० साली ओपनऑफिसमधून निघालेले लिब्रेऑफिस याच तत्त्वाने तिन्ही प्रणालींवर चालते.

कोणी विचारील, हे बंदिस्त प्रोग्रॅमला साधत नाही काय? साधते, परंतु ते मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. मुक्त प्रोग्रॅमची संहिता सर्वांपुढे असल्यामुळे, मूळ कर्त्याने हात आखडला तरी दुसरा कोणी तिचे नव्या यंत्रासाठी रूपांतर करू शकतो.

इन्नंबूरपासून फार दूर नसलेल्या तंजावरात याचा जुना दाखला आहे. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीचे मोडी कागद आहेत. शतके लोटली, राज्य १८५५ साली संपले, तरी मोडी शिकणारा ते आजही वाचू शकतो, कारण त्या लिपीची किल्ली कोणा एकाच्या खिशात नव्हती. ही मोडी २०१४ साली युनिकोडमध्येही आली.

फाइलीच्या रचनेलाही हाच न्याय लागू पडतो. दस्तऐवजांचा खुला नमुना, ओडीएफ, २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरला. भारत सरकारने २०१० साली खुल्या मानकांचे व २०१५ साली मुक्त प्रणालींचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणालीही भारतीय भाषांची सोय करून तयार केली.

तथापि मुक्त म्हणजे आपोआप सर्वत्र चालणारे, असे समजू नये. टंक नसेल तर पाने सरकतात. एका प्रणालीवर सुरळीत चालणारी गोष्ट दुसरीवर अडखळते. ते निस्तरण्याचे कष्ट कोणीतरी घेतच असतो. वापरणाऱ्यानेही थोडी शिस्त पाळावी: मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, प्रत खुल्या नमुन्यात ठेवावी, टंक फाइलीतच बसवावा, आणि महत्त्वाचा कागद पाठविण्यापूर्वी दुसऱ्या प्रणालीवर एकदा उघडून पाहावा.

इन्नंबूरच्या हिशेबनिसाची अडचण देवाला निवारावी लागली. आजच्या हिशेबनिसाची अडचण माणसांनीच निर्माण केली आहे. तिच्यासाठी देवाला श्रम देण्याचे कारण नाही.