पुरुषाच्या छातीतली गाठ



स्तनाचा कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्त्रीच येते. पण अशा शंभरेक रुग्णांत एखादा पुरुषही असतो. पुरुषाच्या स्तनाग्रामागेही थोडी स्तनाची ऊती असते. तिथे गाठ होते, ती बहुधा दुखत नाही. मग ‘दुखत नाही ना, राहू दे’ म्हणत, थोडे लाजतही, महिने निघून जातात.

अमेरिकेचे माजी सिनेटर एडवर्ड ब्रूक यांना हा आजार २००२ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी झाला. इतर पुरुषांनी सावध व्हावे म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. शस्त्रक्रियेनंतर ते ९५ वर्षांचे होईपर्यंत जगले.

आता थोडे आतले पाहू. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, फक्त बायकांचे नव्हे. पुरुषाच्या शरीरातही, विशेषतः चरबीत, ते तयार होते. कर्करोगाच्या पेशीत त्याच्यासाठी एक कुलूप असते, त्याला रिसेप्टर म्हणतात. किल्ली लागली की पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. पुरुषांच्या दहापैकी सुमारे नऊ गाठींत हे कुलूप सापडते. हे प्रमाण स्त्रियांपेक्षाही जास्त आहे.

ही गोष्ट आपल्या फायद्याची! टॅमॉक्सिफेन नावाची गोळी त्या कुलपात जाऊन बसते, पण ते उघडत नाही. खरी किल्ली बाहेरच राहते. म्हणून काढलेल्या तुकड्याची रिसेप्टर तपासणी झालीच पाहिजे.

गोळी साधारण पाच वर्षे घ्यावी लागते. अंगातून गरम वाफा येतात, कामेच्छा कमी होते, क्वचित रक्तात गुठळी होते. ‘बायकांचे औषध’ म्हणून किंवा या त्रासाला कंटाळून काही जण ती गुपचूप बंद करतात. तसे करू नका. त्रास डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पाय सुजला किंवा धाप लागली तर लगेच जा.

आणखी एक. काही घराण्यांत बीआरसीए-२ या जनुकातला दोष वडिलांकडून मुलीकडेही जातो. म्हणून वडिलांचा आजार लपवला, तर मुलगीही अंधारात राहते.

तेव्हा आंघोळ करताना गाठ लागली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून स्राव आला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लाज बाळगण्यासारखे यात काहीच नाही.