मत वारशाने मिळत नाही



२०२१ ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक आठवा. भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपुढे अवघ्या ५,२४० मतांनी निवडून आल्या. त्याच वेळी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळके यांना पडली १,१७,१७४ मते! जागा हुकली, पण आपली ताकद दिसली.

मग २०२३ च्या विधानसभेत समितीची पाटी कोरी का? २०१८ ला दुफळीने घात केला, हे खरे. पण तेवढेच कारण नाही. आजोबांनी समितीला मत दिले म्हणून नातू देईलच, असे आता नाही. तो नोकरीचे, जमिनीचे, मराठी कागदपत्रांचे विचारतो. त्याला पाच वर्षे उत्तर द्या. मगच मत मागा.

जय महाराष्ट्र!